अलान्याचा सव्वा तास

जुलै आला की आमच्या दुबईतल्या अल कुसैसमध्ये हवाच ओली होते. पाऊस नसतो, ढगही नसतात, तरी दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि पुढची दोन-चार पावलं अंदाजानेच टाकावी लागतात. बाल्कनीत घातलेले कपडे दिवसभर दमटच राहतात. कोपऱ्यावरच्या मलबारी दुकानात कलिंगडांच्या शेजारी रुताबच्या टोपल्या येतात. रुताब म्हणजे अर्धवट पिकलेला ताजा खजूर, देठाकडे पिवळा आणि कडक, टोकाकडे तपकिरी आणि इतका मऊ की बोटाला चिकटून येतो. शाळांना सुट्ट्या लागतात. लिफ्टमध्ये रोज कुणाची तरी सुटकेस असते, आणि जो तो विचारतो, "यंदा कुठे? गावाला की बाहेर?"

लोक या दिवसांची वाट बघतात. मी हे दिवस कधी सरतात याची वाट बघते.

यंदा एका शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर अश्फाकने, माझ्या नवऱ्याने, लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तो देऱ्यातल्या एका शिपिंग ऑफिसात आहे, वर्षाकाठी जेमतेम दहा दिवस मोकळे मिळतात त्याला. "तुर्कस्तान," तो म्हणाला. "अंताल्या आणि अलान्या. हे बघ, समुद्रात घुसलेला किल्ला आहे. तुमच्या हर्णैची आठवण येईल तुला." स्क्रीनवर आठ बाजूंचा लालसर बुरूज होता. पायाशी बंदर, बंदरात पांढऱ्या होड्या.

आमची सहा वर्षांची झोया खुर्चीवर चढून बघत होती. "ममा, इट्स लाइक अ सँडकॅसल! कॅन वी गो?"

मी ताटं उचलायला लागले. "दुसरं काहीतरी बघा," म्हटलं.

"का? व्हिसाचं मी बघतो ना."

"दुसरं बघा म्हटलं ना."

अश्फाक गोंधळला. लग्नाआधी मी फुजैरात एका अमिराती घरी होम नर्स होते आणि त्या घरच्यांबरोबर एकदा अलान्याला जाऊन आले होते, हे त्याला ठाऊक आहे. त्या बुरुजाच्या माथ्यावरचा माझा एक फोटोही त्याच्याकडे आहे. ओढणी वाऱ्यावर उडते आहे आणि मी तोंडभर हसते आहे. त्याच्या मते इतका चांगला फोटो माझा दुसरा नाही. त्या हसण्यानंतर तासाभरात काय झालं, ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

फुजैरातलं ते घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. पुढच्या खिडकीतून समुद्र दिसे, आणि त्यात तेल भरायला थांबलेली जहाजं. मागे काळपट, उघडे डोंगर. घरातली थोरली बाई म्हणजे उम्म सालेम. ऐंशी ओलांडलेली. गुडघे गेले होते म्हणून चाकाची खुर्ची, जोडीला साखर आणि हृदयाचा थोडा त्रास. डोकं मात्र लख्ख. मागच्या खजुरीच्या बागेची आणि कोठीची किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या गोफात असायची. कुठल्या झाडाचा रुताब कुणाच्या घरी जायचा, कुणाकडे लग्न आहे, कुणाच्या मुलीला कितवा महिना लागला, सगळं तिला तोंडपाठ. घरात कुणी काही विसरलं की म्हणायचे, यम्माला विचारा. यम्मा म्हणजे आई.

तिला हिंदी येत होतं. नवरा तरुणपणी गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जायचा. त्याच्याकडून उचललेली ती मोडकीतोडकी हिंदी तिने जपून ठेवली होती. मला ती नावाने हाक मारत नसे. "या बिन्ती," म्हणायची. पोरी गं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सकाळी रक्तदाब, साखर, औषधं, पायांना तेल, आंघोळ, आणि दिवसातून पाच वेळा वजू. नमाजची वेळ व्हायच्या आधी तिला बाथरूमला न्यायचं, हात-पाय-तोंड धुऊन द्यायचं आणि खुर्ची किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवायची. या बाबतीत ती अतिशय काटेकोर होती. कपड्याला शंका आली तरी बदलायला लावी. मीही नमाजी घरातली, मला ते सांगावं लागत नसे. दिवसभरात जे झालं ते मी एका वहीत इंग्रजीतून लिहायची. महिन्याला डॉक्टर येत, ती वही वाचत आणि मग औषधं बदलत.

घर चालवायची तिची मुलगी मरियम. शाळेत मुख्याध्यापिका, बोलणं नेमकं, चूक कुणाचीही असो, तोंडावर सांगणारी. वाईट नव्हती. ईदला मला तिच्या मुलींइतकेच चांगले कपडे घ्यायची. पण मला तिची भीती वाटायची. एजन्सीला तिचा एक फोन गेला की माझं खलास, हे मी जाणून होते.

त्या जुलैमध्ये उकाड्याला कंटाळून सगळं घर तुर्कस्तानला निघालं. यम्माला मागे ठेवायचं नाही म्हणून तिला घेतलं, आणि तिच्यामुळे मला.

अलान्यातला तो चौथा दिवस. दुपारी हॉटेलवर जेवून आम्ही बंदरावर आलो. जेवणानंतर मी उम्म सालेमला तिच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यात एक लघवी साफ होण्याची. ती कधी दिली, किती वेळात लागू होते, हे त्या बंदरावर फक्त मला माहीत होतं. मरियम, तिचा नवरा आणि मुलं होडीतून गुहा बघायला निघाली. दीड-दोन तासांची फेरी. म्हातारीला होडीत चढवणं शक्य नव्हतं. बुरुजाच्या सावलीत चहाची बाग होती, तिथे एका झाडाखाली मी तिची खुर्ची लावली, चाकांना ब्रेक लावला, तिच्या मांडीवर पिशवी ठेवली. शेजारी एक तुर्की बाई विणलेले रुमाल आणि ओढण्या विकत बसली होती. चहा आला, छोट्या कमरेच्या काचेच्या पेल्यांत.

उम्म सालेमने मान वर करून बुरुजाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"या बिन्ती, तुम जाओ. ऊपर देखो."

"नको. तुम्ही एकट्या कशा राहाल?"

"हम बच्चा है? यल्ला. बूढी के पास बैठ के क्या करेगी?"

"दहा मिनिटांत येते," मी म्हटलं आणि दहा बोटं दाखवली. तिने हाताने मला उडवून लावलं.

बुरुजाच्या आत गार होतं. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. मी सलवार वर धरून जवळजवळ हातांनी चढले. माथ्यावर आले आणि वाऱ्याने ओढणीच ओढून घेतली. खाली अख्खं बंदर, त्यापलीकडे निळा, मग गडद निळा, मग जांभळट होत गेलेला समुद्र. डोंगराच्या कडेकडेने तट वर चढत गेला होता आणि तटाच्या पोटात लाल कौलांची घरं. आमच्या हर्णैला सुवर्णदुर्ग रोज दिसायचा. पुरुष माणसं होडीने जाऊन यायची, आम्ही मुली किनाऱ्यावरून बघायचो. किल्ल्याच्या भिंतीवर उभी राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. एका परक्या बाईने माझा फोटो काढून दिला. खाली झाडाखाली उम्म सालेमची काळी आकृती दिसत होती. मी हात हलवला. तिनेही हलवला असं मला वाटलं.

तेव्हाच खाली उतरायला हवं होतं.

बुरुजाखालून तटावरून एक वाट जात होती. माणसं त्या वाटेने जात होती. पुढे काय आहे तेवढं बघून येऊ म्हणून मीही गेले. भिंतीत बाण मारायच्या अरुंद फटी होत्या आणि प्रत्येक फटीत समुद्राची एक उभी निळी चीर. वाटेच्या शेवटी जुनी गोदी होती, जिथे सुलतानाची जहाजं बांधत. दगडी पाच कमानी, त्यांच्या आत लांबवर गेलेली भुयारासारखी दालनं, आणि समुद्र थेट आत आलेला. पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं. माणसं बोलत तर त्यांचे आवाज गोल होऊन परत येत. मी चपला काढल्या, पाण्यात पाय सोडून एका दगडावर बसले.

त्या बसण्याविषयी मला खोटं लिहायचं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातांवर दुसऱ्या कुणाचं वजन नव्हतं. कुणाला उचलायचं नव्हतं, कूस बदलून द्यायची नव्हती, शेजारच्या खोलीतल्या खोकल्याकडे कान लावायचा नव्हता. पायांवरून पाणी येत होतं, जात होतं. मला पुन्हा गावातली मुलगी झाल्यासारखं वाटत होतं. मी आनंदात होते.

मग अजान झाली. असरची, तिसऱ्या प्रहराची. गावातल्या मशिदीतून निघालेला आवाज पाण्यावरून कमानीत आला. मी ओळखला. असर म्हणजे वजू, वजूच्या आधी बाथरूम, आणि दुपारी दिलेली गोळी. एकामागोमाग एक सगळं माझ्या डोक्यात आलं. वेळेचं भान राहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण ते होतं. अजान संपेपर्यंत बसू, असं ठरवलं. अजान संपली. मग म्हटलं, अजून पाच मिनिटं.

परत आले तेव्हा मला जाऊन सव्वा तास झाला होता.

खुर्ची होती तिथेच होती. ओढण्या विकणारी ती बाई उम्म सालेमसमोर गुडघ्यांवर बसून तिच्या कमरेभोवती एक मोठी, फुलाफुलांची ओढणी गुंडाळत होती. खुर्चीखालची फरशी ओली होती. चहा पिणारी माणसं मुद्दाम दुसरीकडे बघत होती. उम्म सालेमचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते आणि नजर समोर, कशावरच नाही. तिने कुणाला तरी हाका मारल्या असणार. अरबीत, हिंदीत. तिथे कुणाला काय कळणार? आणि खुर्चीला ब्रेक मीच लावून गेले होते.

मी तिच्याजवळ पोचते तोच मरियम बंदराच्या बाजूने आली. होडी लवकर परतली होती. मुलं मागे आइस्क्रीम खात होती. तिने ओढणी बघितली, फरशी बघितली, माझी घोट्यापर्यंत भिजलेली सलवार बघितली.

"तू कुठे होतीस?" तिने इंग्रजीत विचारलं.

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत उम्म सालेम अरबीत बोलली. "मी पाठवलं तिला. औषध आणायला. डोकं दुखत होतं."

मरियमने मांडीवरची पिशवी उघडली आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. "यम्मा, औषध इथे आहे. तुझ्याजवळच."

उम्म सालेमने पट्टीकडे बघितलं. मग क्षणभर माझ्याकडे. तो क्षण माझा होता. मी बोलायला हवं होतं.

"असेल," ती म्हणाली. "विसरले मी."

मरियम माझ्याकडे वळली. "खरं?"

"हो मॅडम," मी म्हटलं. "मी फार्मसी शोधत होते. मिळाली नाही."

त्या संध्याकाळी हॉटेलच्या बाथरूममध्ये मी तिला धुतलं, कपडे बदलले, चुकलेली नमाज पढायला खुर्ची वळवून दिली. आणि नंतर मी वही उघडली. काहीतरी लिहायलाच हवं होतं, मरियम वही बघायची. मी लिहिलं: पेशंट गोंधळलेली वाटली. औषध जवळ असूनही विसरली. त्या दोन ओळी मी चांगल्या अक्षरात लिहिल्या.

घडलं ते एवढंच. कुणी पडलं नाही, कुणी मेलं नाही. पण फुजैराला परतल्यावर डॉक्टरांनी ती पानं वाचली आणि मरियमला सांगितलं की या वयात अशी सुरुवात होते, लक्ष ठेवा. त्यांनी उम्म सालेमला वार विचारला, महिना विचारला, नातवंडांची नावं विचारली. तिला इतका राग आला की तिने तोंड फिरवलं. डॉक्टरांना वाटलं, आठवत नाही. त्यानंतर तिला डायपर लागला. रोज, चोवीस तास. रोज सकाळी तो मी बांधायची आणि ती छताकडे बघत राहायची.

ऑगस्टमध्ये बागेतला रुताब उतरला. कुणाकडे काय पाठवायचं ते मरियमने गड्याला परस्पर सांगितलं. उम्म सालेम म्हणाली, "पूर्वेच्या झाडाचा माझ्या बहिणीकडे जातो." मरियम म्हणाली, "पाठवला यम्मा, मागच्या आठवड्यातच. विसरलीस?" तो पाठवला नव्हता. मरियमच गोंधळ करत होती, मला माहीत होतं, कारण टोपली माझ्यासमोर स्वयंपाकघरात होती. पण आता घरात दोघींचं जुळलं नाही की चूक कुणाची ते आधीच ठरलेलं असायचं. सप्टेंबरात कोठीची किल्ली तिच्या गळ्यातून निघाली. हरवू नये म्हणून. गोफ तेवढा राहिला.

मी रोज ठरवायची, आज बोलू. मरियमच्या खोलीच्या दारापर्यंत जायची. मग घरचं आठवायचं, बहिणीचं लग्न ठरत होतं, व्हिसा आठवायचा, आणि मी परत फिरायची. उम्म सालेमने मात्र एकदाही, नजरेनेसुद्धा, मला त्याची आठवण करून दिली नाही. पूर्वीसारखंच "या बिन्ती" म्हणायची. त्याने मला जास्त त्रास व्हायचा.

आता ती नाही. मी तिथून निघाल्यावर दोन वर्षांनी गेली. मला कुणीतरी मेसेजवर कळवलं. मी क्लिनिकमध्ये ड्युटीवर होते, एका म्हाताऱ्याच्या हाताची शीर शोधत.

हे सगळं त्या शनिवारी दुपारी मी अश्फाकला सांगितलं. झोया आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. शेवटी तो म्हणाला, "तू काही मुद्दाम नाही केलंस."

"तो तास मुद्दाम नव्हता," मी म्हटलं. "पुढचं सगळं मुद्दाम होतं."

त्याने लॅपटॉप बंद केला. "मग तिकडे नको जायला." हे तो प्रेमाने म्हणाला. मला बरं वाटलं, आणि असं इतक्या सहज बरं वाटलं याचीही लाज वाटली.

त्या घरातला माझा शेवटचा दिवस राहिला सांगायचा. अलान्याला अकरा महिने होऊन गेले होते. दुबईतल्या क्लिनिकची नोकरी मला मिळाली होती, कागद हातात होते, बॅग भरून झाली होती. म्हणजे खरं बोलण्याची मला काहीच किंमत पडणार नव्हती, तेव्हा मी मरियमकडे गेले आणि बोलले. गोदी, पाण्यात सोडलेले पाय, ऐकलेली अजान. औषधाला मला कुणी पाठवलं नव्हतं, हे सांगितलं. वहीतल्या दोन ओळींबद्दल मात्र तेव्हाही बोलले नाही. नर्स म्हणून पुढे जगायचं होतं.

मरियम उठली आणि आईच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"यम्मा," ती पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "ही म्हणते, तू तिला औषधाला पाठवलंच नव्हतंस. आपणहून फिरायला गेली होती. तू का नाही सांगितलंस मला?"

उम्म सालेमने माझ्याकडे बघितलं. इतकं निवांत की मला मान खाली घालावी लागली.

"पाठवलं होतं," ती म्हणाली. "हीच विसरली असेल."

मरियमने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखीचं होतं. आईकडे गेले वर्षभर ती तसंच बघत होती. तिने आईच्या पायांवरची चादर नीट केली आणि बाहेर गेली. किल्ली तिच्याच पर्समध्ये राहिली.

आम्ही दोघीच उरलो. उम्म सालेमने पलंगावर हात थोपटला. "बैठो."

मी बसले.

"अब बोलो. ऊपर क्या था?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, ती बुरुजाबद्दल विचारते आहे. अकरा महिन्यांत तिने विचारलं नव्हतं, आणि मी, तिने स्वतः पाठवलेली, काय बघून आले ते तिला कधी सांगितलं नव्हतं. मी सांगायला लागले. उंच पायऱ्या, वारा, तीन रंगांचा समुद्र. फटींमधून दिसणारं पाणी. पाच कमानी आणि छतावर हलणारं ऊन. सांगताना मी रडत होते की काय ते मला आठवत नाही, पण ती ऐकत होती. मध्येच एकदा म्हणाली, "गलबत अंदर आता था?" मी म्हटलं, हो, थेट आत. तिने मान डोलावली, पटल्यासारखी.

"और तुम? खुश था उधर?"

नाही म्हणावंसं वाटलं. नाही म्हटलं असतं तर मला शोभलं असतं.

"हो," मी म्हटलं. "खूप."

"फिर इतना टाइम क्यूं लगा, बोलने को?"

ती नेमकं कशाबद्दल विचारत होती, ते मी विचारलं नाही. बाहेर टॅक्सी येऊन उभी राहिली होती. मी तिला कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी लावली, पाणी हाताशी ठेवलं आणि निघाले.